४४ मॅग्नमची जुनी सेमीऑटो कार्बाइन आणि घरी ओतलेल्या गोळ्या : हरणासाठी चालतील का?

नोव्हीकर । ४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मुक्काम दक्षिण मिशिगन. १५ नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम उघडतो, म्हणून आत्ताच विचारून ठेवतो.

हत्यार आहे रुगर मॉडेल ४४, म्हणजे ४४ मॅग्नम काडतुसाची आखूड रायफल (कार्बाइन). ही १९६१ ते १९८५ पर्यंत बनत होती. साडेअठरा इंची नळी, नळीखाली लांबट मॅगझिन, त्यात चार काडतुसं. गॅसवर चालते, म्हणजे बाराच्या गॅसने पिस्टन ढकलला जाऊन पुढचं काडतूस आपोआप चढतं. खांद्यावर टाकून दिवसभर फिरलं तरी जाणवत नाही, आणि दाट झाडीत वळवायला लांब रायफलीपेक्षा कितीतरी सोपी. आमच्या पट्ट्यात हरणासाठी बॉटलनेक (मान आवळलेल्या) काडतुसाची रायफल चालत नाही. सरळ भिंतीची केस (काडतुसाचं पितळी कवच), कॅलिबर ०.३५ इंच किंवा वर, केसची लांबी १.१६ ते १.८० इंच, असा नियम. ४४ मॅग्नमची केस १.२८५ इंच, म्हणजे बसते. सेमीऑटोमध्ये चेंबर धरून सहापेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. इथे चार अधिक एक. कायद्याची बाजू साफ आहे.

घोडं अडलंय गोळ्यांपाशी. रिव्हॉल्व्हरसाठी मी बरीच वर्षं चाकांच्या वजनांचं शिसं वितळवून २५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाच्या, खांदा असलेल्या सेमी-वॉडकटर गोळ्या ओततो. त्याच मेण लावून कार्बाइनमध्ये चालवल्या. पन्नास यार्डांवर गट हातभर पसरला. थोड्या वेळाने रिकामी केस जेमतेम बाहेर पडायला लागली, मग अडकायलाच लागली. उघडून बघितलं तर गॅस पिस्टनवर करडा थर. कंपनीच्या जुन्या पुस्तिकेत शिशाच्या नुसत्या गोळ्या वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय हे मला माहीत आहे. पण रेंजवरचे दोन जाणते लोक म्हणतात की नीट ओतल्या तर चालतात. नीट म्हणजे काय, ते हवंय. धातू अजून कडक करू का?

---

ओतशाळा । ४ ऑक्टोबर, रात्री १०:२५

विषय आवडला. सविस्तर उद्या लिहितो. तोवर एकच : गॅस चेक लावतोस का? बुडाला तांब्याची ती छोटी वाटी नसेल तर या बंदुकीत पुढचं सगळं बोलणं व्यर्थ.

---

थाऊमास्तर । ५ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

कडकपणाचं नंतर बघू. आधी नळी माप.

टूलरूममध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी मापाचाच असतो. मऊ शुद्ध शिशाचा गोळा तेल लावून नळीतून हळूहळू ठोकत काढ आणि मायक्रोमीटरने त्याचा सर्वांत मोठा व्यास घे. ४४ च्या जुन्या कार्बाइनच्या नळ्या पुष्कळदा ०.४३१ भरतात, रिव्हॉल्व्हरसाठी आपण गोळी ०.४२९ किंवा ०.४३० ला साइझ करतो (दाबून नेमक्या व्यासाची करतो). म्हणजे तुझी गोळी नळीत एक-दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) सैल. गरम गॅस बाजूने निसटतो, गोळीची कड जाळतो, ते शिसं नळीच्या भिंतीवर आणि पिस्टनमध्ये जाऊन बसतं. धातू कडक केलास तर उलट होईल : कडक गोळी दाबाखाली फुगून नळी भरत नाही, तशीच सैल राहते. नळीच्या आतल्या पिळाच्या खाचेपेक्षा गोळी एक थाऊ मोठी हवी. चेंबरमध्ये काडतूस मोकळं बसत असेल तर दोन थाऊसुद्धा चालेल.

दुसरी गोष्ट, या मॉडेलच्या रायफलिंगचा पीळ ३८ इंचांत एक फेरा, म्हणजे फारच संथ. २४० ते २६५ ग्रेन ठीक. ३०० च्या वरच्या लांब गोळ्या डोलतात. मोठी गोळी म्हणजे मोठी मार, हा हिशेब इथे लागू नाही.

---

तिखटमीठ । ५ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

ठाण्यात बसून वाचतेय. शिव्या देत नाहीये, खरंच विचारतेय : दुकानात मांस मिळत असताना हरीण मारायची गरज काय?

---

सुलभा_ओहायो । ५ ऑक्टोबर, सायंकाळी ७:३०

तिखटमीठ, प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं उत्तर : इथे व्हाइटटेल हरणांना खाणारे लांडगे बहुतेक भागांतून गेलेत. एकट्या मिशिगनमध्ये गाडी आणि हरीण यांच्या धडका वर्षाला पन्नास हजारांहून जास्त होतात. आणि ज्या जनावराचं मांस आमच्या फ्रीझरमध्ये असतं ते कुठे जगलं, कसं मेलं, हे मला माहीत असतं. तुला पटावं असा आग्रह नाही. पण हा धागा बंदुकीच्या तांत्रिक बाजूचा आहे, तेव्हा यावर वेगळा धागा काढ, मी तिथे येते.

नोव्हीकर, आता तुझ्याकडे. मला तुझी कल्पना फारशी आवडलेली नाही. ओतीव गोळी मारत नाही म्हणून नव्हे. चपट्या तोंडाची, मध्यम कडक २४०-२५० ग्रेनची गोळी कार्बाइनमधून शंभर यार्डांच्या आत हरणाच्या दोन्ही फुप्फुसांतून आरपार जाते. काळजी यंत्राची आहे. नोव्हेंबरच्या पहाटे तापमान शून्याखाली, तेल घट्ट, त्यात पिस्टनवर मेण-शिशाचा लगदा. पहिला बार कसाही जाईल. दुसरा लागला तर? सरावाला ओतीव वापर, हंगामात दुकानची जॅकेटवाली (तांब्याचं आवरण असलेली). एका डबीचा खर्च तो काय!

अवांतर : आमच्याकडे यायचा विचार असेल तर ओहायोत हरणाच्या शिकारीला बंदुकीत एकूण तीनच काडतुसं चालतात. मॅगझिनला दट्ट्या लागेल. आणि पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमीऑटो रायफल मुळीच चालत नाही.

---

ओतशाळा । ६ ऑक्टोबर, रात्री १२:१५

बसतो आता निवांत.

मास्तरांचं माप आधी, ते बरोबरच. त्यानंतर माझा क्रम असा.

चाकांच्या वजनांत हल्ली जस्त पुष्कळ मिसळलेलं असतं. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४१९ ला. तेव्हा भांडं सुरुवातीला मंद ठेव; जस्ताची वजनं वर तरंगतात, झाऱ्याने काढून टाक. घाईघाईत आच वाढवलीस आणि जस्त मिसळलं की साचा नीट भरतच नाही, गोळीच्या कडा बोथट येतात. मग थोडं कथील घाल, दोनेक टक्के, साचा छान भरतो. हरणासाठी एवढंच पुरे. छपाईच्या जुन्या लायनोटाइपचं आकर्षण सगळ्यांना असतं (ब्रिनेल मापाने कडकपणा बावीसच्या आसपास, दिसायला चांदीसारखं), पण त्यात अँटिमनी बारा टक्के. हाडावर आपटलं की गोळी काचेसारखी तुटते. शिकारीला ती कामाची नाही.

मेण सोड, पावडर कोटिंग कर. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पत्र्यावर देतात तीच जात. प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या आणि पावडर हलव, जाळीवर मांड, छोट्या भट्टीत २०० अंश सेल्सिअसवर वीस मिनिटं. शिसं आणि नळी यांच्यात घट्ट पापुद्रा येतो, धूर जवळजवळ जातो, पिस्टनचा चिकट लगदा तर फारच कमी होतो. मेण हा या बंदुकीत निम्मा गुन्हेगार आहे. त्या छोट्या भट्टीत नंतर पाव भाजायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. भाजल्यामुळे गोळी थोडी मऊ पडते. कडक हवी असेल तर भट्टीतून थेट पाण्यात टाक आणि दोन-तीन आठवडे ठेवून दे, अँटिमनीमुळे ती हळूहळू कडक होत जाते. उद्या ओतून परवा कडकपणा मोजण्यात अर्थ नाही.

गॅस चेक कोटिंगनंतर, साइझ करताना बसव.

आकार. खांदावाली सेमी-वॉडकटर रिव्हॉल्व्हरची राणी आहे, बंदुकांवर लिहिणाऱ्या एल्मर कीथचं नाव त्यामुळेच निघतं. पण सेमीऑटोत तो खांदा चेंबरच्या ओठाला अडतो. गोलसर पण चपट्या तोंडाचा साचा घे. तोंड चपटं हवंच, कारण नळीसारख्या मॅगझिनमध्ये एकाची गोळी पुढच्याच्या प्रायमरवर (बुडाच्या पेटवणाऱ्या टोपीवर) टेकलेली असते. टोकदार तिथे अजिबात नको.

---

नोव्हीकर । ६ ऑक्टोबर, रात्री ८:१०

मापलं. खाच ०.४३१ आणि किंचित वर. मास्तर, तुमच्या चरणी लोटांगण. माझी गोळी ०.४३० ला साइझ होत होती.

सुलभाताई, खर्चाचा प्रश्न नाहीये. स्वतः ओतलेल्या, स्वतः भरलेल्या गोळीने एकदा तरी हरीण आणायचं हा हट्ट आहे, दुसरं काही नाही. पण यंत्र अडेल ही भीती खरी. ओतशाळा, बंदुकीच्या दारूचं काय? रिव्हॉल्व्हरमध्ये मी हलका भार वापरतो, तोच इथे चालवला होता.

---

थाऊमास्तर । ६ ऑक्टोबर, रात्री ९:०२

मग केस जेमतेम पडणारच. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीला गोळीचा वेग किती, याच्याशी देणंघेणं नाही. गोळी नळीतल्या गॅसच्या छिद्रापाशी पोचते त्या क्षणी तिथे दाब किती, एवढंच तिला कळतं. लवकर जळणारी दारू सुरुवातीला उसळते आणि छिद्रापाशी येईतो दमलेली असते. सावकाश जळणारी दारू हवी, एच-११० च्या जातीची, जी या कार्बाइनला पहिल्यापासून मानवते.

पण एच-११० चं एक आहे : ती कमी भरायची नाही. भार उगाच घटवला तर पेटते-न पेटते, गोळी नळीतच अडकू शकते. आणि आधीची गोळी नळीत अडकलेली असताना सेमीऑटोने दुसरा बार टाकला तर पुढचं सांगायला नको. २४०० नावाच्या दारूत थोडी सवलत मिळते, पण मग बंदूक चालेल की नाही ते तुझ्या बंदुकीवर.

ग्रेनचे आकडे मी धाग्यावर देत नाही, कुणी मागूही नका. गोळीचं वजन, तिची बैठक, प्रायमर, केस, सगळं जुळणारा छापील तक्ता घ्यायचा आणि खालच्या आकड्यापासून चढायचं. दुसऱ्याच्या बंदुकीतला भार आपल्या बंदुकीत तसाच टाकायचा नाही.

क्रिंप (केसचं तोंड गोळीवर आवळणं) पक्का, गोल वळवलेला. नाहीतर मॅगझिनच्या स्प्रिंगने आणि धक्क्याने गोळ्या केसमध्ये मागे सरकतात, आणि त्यातून दाब वाढतो. केसचं तोंड आधी जरा फाकव, नाहीतर गोळी बसवताना कोटिंग खरवडून निघेल.

---

आयटी_पाव्हणा । ७ ऑक्टोबर, दुपारी १:२०

भाबडा प्रश्न. मी एच-१बी वर आहे. मला यातलं काही करता येतं का, की ग्रीन कार्डची वाट बघू?

---

सुलभा_ओहायो । ७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:००

केंद्रीय कायद्याप्रमाणे नॉनइमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे, पण वैध शिकार परवाना हातात असेल तर तो त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे आधी हंटर सेफ्टीचा कोर्स, मग परवाना, मग बाकीचं. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, हे लोक विसरतात. आणि इमिग्रेशनच्या बाबतीत धाग्यावरच्या ताईचं ऐकू नकोस, वकिलाला पैसे दे.

काडतुसं स्वतःपुरती भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. भरून विकायची म्हटलीस की लागतो. मित्राला पन्नास भरून देऊन त्याच्याकडून पैसे घेणं म्हणजे विकणंच.

---

आजगावचो_झील । ७ ऑक्टोबर, रात्री ११:४५

भारतातून वाचतोय. आमच्या सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून घराघरांत आहेत. आजोबा अंगणात चुलीवर शिसं वितळवून लोखंडी साच्यात गोळ्या ओतायचे, आम्हाला लांब बसवायचे. पिस्टन नाही, मॅगझिन नाही, नुसता गज आणि ठासणं. तुमचं हे थाऊ-बिऊ वाचून गंमत वाटली, पण शिसं तेच की!

बाकी आपल्याकडे शिकारीचं दार केव्हाच बंद झालंय. १९७२ च्या कायद्यात परवान्याने थोडीफार मुभा होती, १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. रानडुकरांनी भात लोळवला तरी वनखात्याचा कागद लागतो.

---

पांढराकोट । ८ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

आजगावचो_झील, आजोबा मुलांना लांब बसवायचे ते फार योग्य करायचे. हाच मुद्दा इथे कुणी काढला नाही म्हणून लिहिते.

ओतण्याच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. धोका धुळीचा आणि हातांचा आहे. भांड्यावरची राखेसारखी मळी, वापरलेल्या केस घासून साफ करताना उडणारी धूळ, शिशाच्या हातांनी घेतलेला चहा. नोव्हीकर, घरात लहान मूल असेल तर ओतकाम गॅरेजचं दार उघडं ठेवून, वेगळ्या कपड्यांत, आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. मुलांच्या रक्तातल्या शिशाची इथली संदर्भ पातळी २०२१ मध्ये ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली आहे, आणि त्याखालीही सुरक्षित अशी पातळी नाही. वर्षातून एकदा स्वतःचीही तपासणी करून घ्या.

मांसाचं : २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले आणि अन्नछत्रांना ते टाकून द्यायला सांगितलं गेलं. सगळ्यांत जास्त कण वेगवान रायफलच्या, आत गेल्यावर फुटणाऱ्या गोळ्यांचे असतात. संथ, न फुटणारी ओतीव गोळी यात बरीच उजवी, पण शून्य नाही. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने काढून टाका. गरोदर बाई आणि लहान मुलं घरात असतील तर मी तांब्याचीच गोळी सुचवेन.

---

रेडवूडकर । ८ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

कॅलिफोर्नियात हा वादच मिटलाय. १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद. कॉन्डर गिधाडं शिकार केलेल्या जनावरांची आतडी खाऊन शिशाने मरत होती. माझा साचा कपाटात पडून आहे. रेंजवर वापरतो, रानात तांबं.

---

ओतशाळा । ८ ऑक्टोबर, रात्री १०:३०

डॉक्टरीणबाईंना अनुमोदन. त्यात एक भर : पाणी. वितळलेल्या शिशात ओली वजनं टाकली की वाफेचा स्फोट होऊन भांडं अंगावर रिकामं होतं. वजनं थंड भांड्यातच भरायची, चष्मा, पूर्ण बाह्या, चामड्याचे बूट. चपला घालून ओतणारे आपलेच लोक पाहिलेत मी.

कडकपणा मोजायचं यंत्र नसेल तर चित्रकलेच्या पेन्सिलींनी ओरखडून बघ. कोणती पेन्सिल खरवडते आणि कोणती घसरते यावरून अंदाज येतो. नटराजच्या पेन्सिलीने होतं का, असं कुणी विचारायच्या आत सांगतो : एकाच कंपनीचा पूर्ण संच हवा.

---

नोव्हीकर । २६ ऑक्टोबर, रात्री ८:५५

ताजा वृत्तांत. चपट्या तोंडाचा गॅस चेकवाला साचा आणला, कोटिंग केलं, ०.४३२ ला साइझ केलं. चेंबरमध्ये अलगद बसतं. दारू एच-११०, तक्त्यातल्या मर्यादेत. पिस्टन आधी पूर्ण साफ केला.

फरक जमीन-अस्मानाचा. केस उजवीकडे ऐटीत पडतात. पन्नास यार्डांवर गट दोन इंचांच्या आसपास. शेवटी पिस्टन काढला तर काजळी आहे, शिशाचा थर नाही. नळीत छिद्राच्या पुढे अगदी पुसटशी करडी रेघ दिसते, ब्रशने निघाली.

विचार असा आहे की पहिलं काडतूस माझं ओतीव आणि मागची चार जॅकेटवाली. म्हणजे ताईंचंही समाधान.

---

सुलभा_ओहायो । २६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

नाही, हे त्याहून वाईट. दोन्ही गोळ्या एकाच जागी लागतात हे कागदावर बघितलंस का? वेग वेगळा, वजन वेगळं, नळी त्यांना वेगळी वागवते. पन्नास यार्डांवर चार इंच वर-खाली सहज निघेल. जखमी हरणावर घाईने दुसरा बार टाकशील तेव्हा तो फरक डोक्यात राहणार नाही. एक काय ते ठरव आणि पाचही तेच भर.

ओतीवच ठरवणार असशील तर दोन गोष्टी कर. बंदूक रात्रभर बाहेर थंडीत ठेव आणि सकाळी तशीच चालव. पिस्टनला तेल लावू नकोस, कोरडा ठेव. आणि अंतर. शंभरला नेम बसवलास तर दीडशेला ही गोळी सहा ते आठ इंच खाली जाते. तुझ्या त्या झाडीत दीडशे दिसणारही नाही, पण मक्याच्या शेताच्या कडेला बसलास तर दिसेल आणि मोह होईल.

---

थाऊमास्तर । २७ ऑक्टोबर, सकाळी ६:३५

ताईंशी सहमत. छिद्रापुढच्या त्या रेघेवर लक्ष ठेव. वाढत नसेल तर काही नाही. वाढायला लागली तर मला वाटतं छिद्राच्या कडेला बारीक बर (धातूचा कंगोरा) असेल, ती गोळी खरवडत असणार. ते काम स्वतः कानस घेऊन करू नकोस, जाणत्या गनस्मिथकडे ने. बंदूक १९८५ नंतर बनलेली नाही, सुटे भाग शोधत फिरावं लागतं. नळी गेली की गेली.

---

नोव्हीकर । ९ नोव्हेंबर, सायंकाळी ५:१५

रात्रभर बाहेर ठेवलेली, सकाळी उणे सहा. पिस्टन कोरडा. पाचही ओतीव, न अडकता गेली. जॅकेटवाली त्यानंतर मारून बघितली तर पन्नासला साडेतीन इंच वर. ताई, तुमचं बरोबर.

पाचही ओतीव नेतोय. नेम ७५ ला बसवलाय, त्यापलीकडे बार टाकणार नाही. मक्याची कड सोडली, ओढ्याकाठच्या मचाणावर बसतोय. रेघ आहे तेवढीच आहे.

---

ओतशाळा । ९ नोव्हेंबर, रात्री ८:४०

झकास. केशरी जाकीट विसरू नकोस. आणि ०.४३२ चा साइझर हंगामानंतर मला दोन आठवडे पाठवशील का? माझ्या मेव्हण्याने हीच कार्बाइन घेतलीय, तोही ०.४३० च चालवतोय आणि शिसं कडक करत बसलाय.